मुख्याध्यापिकाबाईंचं नाक

१

मुख्याध्यापिकाबाईंचं नाक सकाळी हनुवटीवर सापडलं.

उजवी भुवई गालापर्यंत उतरली होती. चष्म्याची एक काडी कान सोडून खांद्यावर विसावली होती. ज्या ओठांच्या नुसत्या हालचालीनं वर्गच्या वर्ग चिडीचूप व्हायचे, ते ओठ एका बाजूनं असे ओघळले होते की बाई हसताहेत असं वाटावं. बाईंना हसताना गावात कुणी पाहिलं नव्हतं. म्हणजे नुकसानीच्या पोटात थोडी जमाही होती, पण ती बोलून दाखवण्याची छाती त्या दिवाणखान्यात कुणाचीच नव्हती.

खऱ्या बाई आपल्या घरी सुखरूप होत्या. हा त्यांचा चॉकलेटचा अर्धपुतळा. उद्या संध्याकाळी त्यांचा निरोपसमारंभ होता आणि शाळेनं केक करणाऱ्या वहिनींना सांगितलं होतं, काहीतरी कायम लक्षात राहील असं करा. वहिनींनी केलं. आता हे जे झालं होतं, तेही कायम लक्षात राहणार होतं.

वहिनी हातात उलथनं घेऊन पुतळ्यासमोर उभ्या होत्या. बाकीचे उलथन्याच्या टप्प्याबाहेर होते: वहिनींचे यजमान दादा, म्हणजे दातांचे डॉक्टर, त्यांची कॉलेजात शिकणारी मुलगी ठमी, आणि दादांचे वडील अप्पा, ज्यांनी आयुष्यभर गावातल्या पोरांना पोहायला शिकवलं आणि आता वरच्या खोलीत एकटे राहत.

"कुणी केलं?" वहिनींनी विचारलं.

तेवढ्यात दाराची घंटा वाजली आणि आत्या आली.

आत्या म्हणजे दादांची धाकटी बहीण. विमा कंपनीत नुकसानीची पाहणी करण्यात तिची हयात गेली होती. जळालेली दुकानं, बुडालेली तळघरं, 'आपोआप' फुटलेल्या काचा, सगळं पाहून झालेलं. आज तिला बोलावलं होतं ते मात्र अगदी साध्या कामासाठी. घरात दादांच्या हौसेनं सगळं यंत्रावर चालायला लागलं होतं. दिवे, पडदे, दाराची कडी. आता घर गरम ठेवणाऱ्या बॉयलरला हुकूम देणारा थर्मोस्टॅट घ्यायचा होता. बसवणाऱ्यानं दोन नमुने वापरून बघायला दिले होते. एक भिंतीवर पक्का बसवायचा, गोल चकतीचा. दुसरा बिनतारी, उजळ पडद्याचा, टेबलावर ठेवायचा. मागचा आठवडा चकतीचा झाला, हा आठवडा बिनतारीचा. भरवशाचा कोणता, हे आत्यानं सांगायचं होतं. कारण दादा आणि अप्पा यांचं त्यावर एकमत होणं या जन्मी शक्य नव्हतं.

आत्यानं पिशवी खाली ठेवली, पुतळ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "बाई बऱ्या दिसताहेत."

"वन्सं!" वहिनी कडाडल्या.

"पंचनाम्याला आलेय असं समज. कोण काय म्हणतंय?"

दादांनी आपला फोन तिच्या हातात दिला. "मी म्हणत नाही, यंत्रच म्हणतंय. हा बघ आलेख."

फोन हातात घेताच आत्याच्या नाकाला आल्याच्या बिस्किटांचा वास आला. तिला भूक लागली होती, पण तिनं तो विचार झटकला आणि ती आलेखाकडे वळली. थर्मोस्टॅट रात्रभरच्या तापमानाची रेघ काढत असे. जेवणं होईपर्यंत रेघ अठरा अंशांवर शहाण्यासारखी चालत होती. मग ती घसरली, अकरावर गेली आणि सकाळपर्यंत तिथंच पडून राहिली.

"खोली अकरावर गेली," दादा म्हणाले, "म्हणून बिचाऱ्या यंत्रानं बॉयलर रात्रभर पेटता ठेवला. आणि खोली अकरावर का गेली? तर आज सकाळी दिवाणखान्याची खिडकी सताड उघडी होती. या घरात थंडीत खिडकी कोण उघडतं?"

उत्तराची गरजच नव्हती. सगळ्यांच्या माना एकाच दिशेला वळल्या होत्या.

"मी यंत्राला हात लावलेला नाही," अप्पा म्हणाले.

"आणि खिडकीला?" वहिनींनी विचारलं.

अप्पांनी खिडकीकडे पाहिलं.

वहिनींनी उलथनं खाली ठेवलं. आवाजही खाली आला, आणि त्यामुळेच सगळे जास्त घाबरले. "अप्पा, ठरलं होतं ते ठरलं होतं. रविवारी तुम्ही जिन्याखालच्या खोलीत यायचं."

२

ठरलं होतं ते असं.

मागं एकदा अप्पांची किटली वर शेगडीवर तशीच राहिली आणि तिचं बूड जळून गेलं. दुसऱ्यांदा नळ उघडा राहिला, आणि खालच्या मजल्यावर ठमीच्या पलंगाला सरोवराकाठची जागा मिळाली. वहिनी दुष्ट नव्हत्या. रात्री झोपेत त्यांना धुराचा वास यायचा, नसला तरी यायचा. म्हणून घरात करार झाला: अप्पांनी घरातल्या कुठल्याही बटणाला, खटक्याला, चकतीला हात लावायचा नाही. आणखी एकदा काही घडलं तर वरची खोली सोडायची.

जिन्याखालच्या खोलीला खिडकी नव्हती. जन्मभर गार पाण्यात आणि मोकळ्या हवेत काढलेल्या माणसाला ती खोली म्हणजे काय, हे सगळ्यांना माहीत होतं आणि म्हणूनच कुणी त्याबद्दल बोलत नसे.

"मला संध्याकाळपर्यंत वेळ दे," आत्या म्हणाली.

"कशाला? नाक परत येणार आहे?"

"नाक तू परत आणशील. मी फक्त ते कुणी पाडलं ते सांगते."

"वन्सं, ते तुमचे वडील आहेत. तुम्ही त्यांचीच बाजू घेणार."

"वहिनी, मी माझ्या स्वतःच्या मोटारीचा दावा फेटाळला होता," आत्या म्हणाली. "आठवतंय ना? दादा आठवडाभर माझ्याशी बोलला नाही. गाडीत तोच होता."

हे खरं होतं. वहिनींनी तिला संध्याकाळपर्यंत मुदत दिली.

आत्यानं मग पुतळ्याभोवती एक सावकाश फेरी मारली. उजव्या अंगाला बॉयलरच्या पाण्यानं तापणारा रेडिएटर होता. भिंतीला लागून असलेला तो लोखंडी पिंजरा अजूनही कोमट होता. डाव्या अंगाला खिडकी. रेडिएटरकडचा बाईंचा चेहरा उतरला होता, पण खिडकीकडचा डावा कान जसाच्या तसा होता. अगदी पाळीवरचा बारीक मोतीसुद्धा.

आत्यानं मान तिरकी केली आणि त्या कानाकडे बराच वेळ पाहिलं. जणू काही तो काही ऐकून बसला होता आणि सांगत नव्हता.

३

पहिला जबाब ठमीचा झाला. कारण ठमीकडे कारण होतं. बाईंनी तिला शाळेत असताना वर्षभर पहिल्या बाकावर बसवलं होतं.

"आत्या, मी कशाला बाईंना वितळवू?" ठमी म्हणाली. "तेही चॉकलेट असताना? मी त्यांना खाल्लं असतं."

"तुला थंडी वाजते."

"या घरात सगळ्यांना वाजते. आजोबा सोडून."

"मग रात्री तू फोनवरून तापमान वाढवलं नाहीस?"

"फोन होता कुठं माझ्याकडे!" ठमीनं कपाळाला हात लावला. "आईचा डबा तुला माहीत नाही? जेवणं झाली की ती बिस्किटांचा डबा घेऊन घरभर फिरते. उजेड पाडणारी म्हणून जी जी वस्तू दिसेल ती डब्यात. माझा फोन, बाबांचा फोन, बाबांचं घड्याळ, माझी वाचायची पाटी. तिच्या मते रात्री माणसांनी एकमेकांशी बोलावं. आम्ही बोलतो. डब्याबद्दल बोलतो."

"म्हणजे रात्री कुणाकडेच फोन नव्हता."

"कुणाकडेच नाही. आणि डबा चोरून उघडायची सोय नाही, तो जिथं ठेवते तिथलं दार कर्कश वाजतं. सकाळी बाबाच पहिले उठून उघडतात. त्यांना धीर कुठे असतो?"

म्हणजे एका फटक्यात सगळे सुटले. फोनवरून कुणी काही केलेलं नव्हतं. इतका चोख बचाव आत्यानं नोकरीत पाहिला नव्हता, आणि चोख बचाव दिसला की तिचा संशय जागा व्हायचा.

"रात्री गरम झालं नाही तुला?"

ठमी जरा ओशाळली. "झालं ना. पायमोजे काढून झोपले. मला वाटलं, बाबांचं ते यंत्र माणसांच्या सवयी शिकतं म्हणतात, तर शिकलं एकदाचं माझी सवय! इतकं बरं वाटलं. मुद्दामच कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर कमी केलं असतं."

४

वहिनी स्वयंपाकघरात होत्या. समोर पातेल्यात चॉकलेट वितळत होतं आणि त्या त्याच्याकडे असं पाहत होत्या की ते घाबरून लवकर वितळावं.

"पुतळा कोठीच्या खोलीत का नाही ठेवलास?" आत्यानं विचारलं. "लोणी, चॉकलेट, सगळं तिथंच ठेवतेस ना? तिथं तर दात वाजतात."

"ठेवणार होते. बाईंचा अंबाडा दारातून जाईना. खऱ्या बाईंचाही जात नसेल. म्हणून दिवाणखान्यात ठेवला, आणि तुमच्या भावानं छातीवर हात ठेवून सांगितलं, रात्रभर अठरा अंश, एक इकडचा तिकडे होणार नाही."

"तुला रात्री गरम झालं का?"

वहिनींनी पातेलं उगाचच ढवळलं. दारापलीकडे कुणी नाही ना ते पाहिलं. "झालं. घामाघूम झाले. पांघरूण फेकून दिलं."

"मग उठून बघितलं नाहीस?"

"वन्सं, मी पन्नाशीची बाई. रात्री घामाघूम झाले तर बॉयलर बघायला जाते का मी? मला वाटलं, आलं वय. पडून राहिले आणि नशिबाला बोल लावला."

आत्याला हसू आलं, पण तिनं ते वहिनींसाठी आवरलं. हे हसण्यासारखं नव्हतं. आत्यानं स्वतः अशा कित्येक रात्री बॉयलर धडधाकट असताना काढल्या होत्या.

"काल रात्री तुमचं भांडण झालं होतं?"

"भांडण कसलं, चर्चा. हे म्हणत होते बिनतारीच घ्यायचा. अप्पा म्हणत होते, ज्याला बूड नाही त्याच्या हातात घर देऊ नका. मी म्हटलं, आधी फोन टाका डब्यात, मग बोला. आणि फिरवला डबा."

"डब्यात काय काय पडलं?"

"नेहमीचंच. ते मी बघत नाही. टेबलावरचं एका हातानं उचलत जाते, पण डोळे माझे हातांवर नसतात, तोंडांवर असतात. ठमीनं एकदा जुना फोन टाकून नवा लपवला होता. तोंडावरून पकडली मी." वहिनींच्या स्वरात त्या दिवसातला पहिला अभिमान होता. "मग झाकण लावते आणि डबा कोठीत, लोण्याशेजारी. तिथल्या गार फरशीवर पाय टाकायला कुणी जात नाही."

आत्या दारात थांबली. तिला काहीतरी विचारायचं होतं, पण प्रश्न अजून जुळत नव्हता. तिनं वाकून कोठीचं दार उघडलं. ते कर्कश वाजलं. आत पाय टाकताच गार हवेनं तिच्या घोट्यांना विळखा घातला. रेडिएटर नाही, खिडकी नाही, आणि आलेखातल्या त्या रेघेसारखी गुपचूप, सरळ, न हलणारी थंडी.

५

दादा दुपारी दवाखान्यातून जेवायला आले. जेवताना त्यांनी चष्मा दोनदा पुसला. आत्याला तो लहानपणापासून माहीत होता. आईची बरणी त्याच्या हातून फुटली तेव्हा त्याला चष्मा नव्हता, म्हणून तो शर्टाची बटणं पुसत बसला होता.

"मग?" दादा म्हणाले. "निकाल काय देणार? तापमानाचं सोड, पण बिनतारी थर्मोस्टॅट म्हणजे काय चीज आहे! उचलायचा आणि घरात कुठंही न्यायचा. जिथं ठेवशील तिथलं तापमान धरून घर चालवतो."

"कुठंही?"

"कुठंही!" दादा उत्साहानं म्हणाले आणि मग एकदम भाताकडे पाहायला लागले.

"तुला रात्री गरम झालं नाही?"

"मला? मी झोपलो की मेलेला असतो. ही सांगते."

"आणि सकाळी?"

"सकाळी ओरडाआरडा ऐकून उठलो."

आत्यानं भाकरीचा तुकडा मोडला. ठमीच्या जबाबाप्रमाणे दादा सकाळी सगळ्यांत आधी उठत. दादांच्या स्वतःच्या जबाबाप्रमाणे ते ओरडाआरडा ऐकून उठले. एका सकाळी दोन वेळा उठलेला माणूस तिनं नोकरीत पुष्कळदा पाहिला होता आणि त्याचा दावा कधी मंजूर केला नव्हता.

जेवण झाल्यावर तिनं यंत्र बसवणाऱ्याला फोन लावला. तो बिचारा शिडीवर होता.

"ताई, बॅटरी नवी आहे. यंत्र तपासून दिलंय. चुकणार नाही."

"मग अठराच्या दिवाणखान्यात अकरा कसं दाखवलं?"

"ते मला नाही माहीत. मी एवढंच सांगतो, ते खोटं बोलत नाही. ते जिथं असतं तिथलं खरं सांगतं."

आत्यानं फोन ठेवला. मग दिवाणखान्यात जाऊन टेबलावरचा थर्मोस्टॅट उचलला. इकडे तिकडे पाहिलं. कुणी नव्हतं. तिनं तो नाकाशी नेला.

आणि तशीच जिन्यानं वर गेली, कारण आता फक्त एकच माणूस विचारायचा राहिला होता.

६

अप्पांची खिडकी उघडी होती. आत्यानं कोटाची गळ्यापर्यंतची बटणं लावली आणि खुर्चीवर बसली. अप्पा पाठमोरे उभे राहून भिंतीवरची पदकं उतरवून खोक्यात ठेवत होते. शिट्टी आधीच ठेवून झाली होती.

"रविवार अजून लांब आहे, अप्पा."

"आवरायला वेळ लागतो. हात पूर्वीसारखे चालत नाहीत."

"यंत्राला हात लावला होता तुम्ही?"

अप्पांनी एक पदक पुसलं, खोक्यात ठेवलं, पुन्हा काढून पुसलं. "सकाळी मला पक्कं वाटत होतं की नाही. आता दुपार झाली. सगळे एवढ्या खात्रीनं म्हणताहेत, तर लावलाही असेन. किटलीचंही मला आठवत नव्हतं. बूड तर जळलं होतं ना?"

आत्याला राग आला. नुकसानीचा अंदाज बांधताना रागाला जागा नसते, हे तिनं कित्येक शिकाऊ पोरांना शिकवलं होतं. तरी आला. नाक पडलं, ते पुन्हा लावता येतं. या माणसाचा स्वतःवरचा भरवसा पडला होता, आणि तो कुठल्या पातेल्यात वितळवून परत घडवायचा, हे वहिनींनासुद्धा माहीत नव्हतं.

"अप्पा, इकडे बघा. खिडकी तुम्ही उघडलीत?"

"हो."

"कधी? कशाला?"

"सांगून काय उपयोग? या घरात मी 'खिडकी उघडली' म्हटलं की पुढचं वाक्य कुणी ऐकत नाही."

"मी ऐकतेय. पुढचं वाक्य सांगा."

अप्पांनी खोक्याचं झाकण लावलं, त्यावर बसले आणि पुढचं वाक्य सांगितलं.

ते ऐकून आत्या उठली. "खोकं उघडू नका," ती म्हणाली. "पण बांधूही नका. संध्याकाळी खाली या."

७

संध्याकाळी दिवाणखान्यात सगळे जमले. पुतळा मध्ये होता. वहिनींनी त्यावर स्वच्छ फडकं टाकलं होतं, त्यामुळे बाई सगळ्यांवर रुसल्यासारख्या दिसत होत्या.

"दादाचा हिशेब साधा आहे," आत्यानं सुरुवात केली. "अप्पांनी खिडकी उघडली, खोली अकरावर गेली, म्हणून बॉयलर पेटला. बरोबर?"

"बरोबर," दादा म्हणाले.

"आणि मग नाक पडलं."

"पडलं."

"कुठं पडलं?"

"हे काय विचारणं? इथंच पडलं."

"इथंच. ज्या खोलीत रात्रभर अकरा अंश होते." आत्यानं फडकं उचललं. "वहिनी, तू धंद्यातली आहेस. अकरा अंशांत चॉकलेट वितळतं?"

वहिनींनी तोंड उघडलं. मिटलं. "अकरात कसं वितळेल? अकरात तर त्यावर हातोडा..." त्या थांबल्या. "अगं बाई."

"म्हणजे नाक म्हणतंय ही खोली भट्टी होती. यंत्र म्हणतंय अकरा होते. नाकानं खोटं बोलण्याचं काही कारण नाही. बसवणारा म्हणतो, यंत्रही खोटं बोलत नाही, जिथं असतं तिथलं खरं सांगतं. दोघंही खरं बोलत असतील तर एकच अर्थ निघतो. रात्री यंत्र या खोलीत नव्हतंच. ते अकरा अंशांच्या जागी बसून थंडी वाजते म्हणून ओरडत होतं आणि बॉयलर त्याच्यासाठी आपल्या सगळ्यांना भाजत होता. कितीही जाळलं तरी त्याच्यापर्यंत ऊब पोचतच नव्हती."

"अकरा अंशांची जागा या घरात..." ठमी म्हणाली आणि तिचे डोळे मोठे झाले.

आत्यानं थर्मोस्टॅट तिच्या हातात दिला. "वास घे."

ठमीनं घेतला. तिनं तो बापाकडे दिला. बापानं न घेताच पुढे सरकवायचा प्रयत्न केला, पण आत्या बघत होती, म्हणून घेतला. शेवटी तो वहिनींकडे आला. वहिनींनी हुंगला आणि खुर्चीवर बसल्या.

"आल्याची बिस्किटं," त्या क्षीण आवाजात म्हणाल्या.

"या घरातल्या सगळ्या फोनांना येतो तोच वास. टेबलावर उजेड पाडणारी एक वस्तू होती. तुझे डोळे तोंडांवर होते, हात सवयीनं चालत होता. झाकण लावलंस आणि डबा नेऊन ठेवलास लोण्याशेजारी."

वहिनींनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी हनुवटीवरच्या नाकासकट वहिनींकडे पाहिलं. दोघींत कोण जास्त ओशाळलं होतं ते सांगणं कठीण होतं.

"म्हणजे... मीच?"

"तूच."

"पण वन्सं, सकाळी तर ते टेबलावर होतं! डब्यातून चालत आलं?"

"हा प्रश्न मात्र माझा नाही," आत्या म्हणाली. "डबा सकाळी पहिला कोण उघडतं त्याचा आहे."

दादांनी चष्मा काढला. पण पुसायला रुमाल सापडेना.

"अहो?" वहिनी म्हणाल्या.

"मला आधी काही कळलंच नाही गं," दादा म्हणाले. "डबा उघडला तर त्यात हा. म्हटलं चुकून आला असेल, ठेवला टेबलावर. पुतळा बघितलाच नाही, पाठ होती. मग तू ओरडलीस. तेव्हा कळलं."

"आणि बोलला नाहीत?"

"काय बोलू? तुझ्या बाई तूच वितळवल्यास असं सांगू? तुझ्या हातात उलथनं होतं!" दादांचा आवाज चिरकला. "म्हटलं अप्पांना काय, जरा ऐकून घेतील. खोलीपर्यंत जाईल असं नव्हतं वाटलं. आणि शिवाय यंत्र परत न्यायला लावलं असतंस तू."

"बाबा," ठमी म्हणाली. बस्स, तेवढंच. पण ते 'बाबा' बाईंच्या तालमीतलं होतं. दादा उभ्या जागी लहान झाले.

वहिनींनी मात्र अजून नवऱ्याकडे पाहिलं नव्हतं. तो हिशेब त्या नंतर करणार होत्या. त्या अप्पांकडे वळल्या. "पण खिडकी उघडी होती, अप्पा. ती तर तुम्हीच उघडलीत ना?"

"मीच," अप्पा म्हणाले, आणि आत्याकडे पाहिलं. आत्यानं मान हलवली. पुढचं वाक्य.

"पहाटे जाग आली तर जिन्यावरून गरम झळ येत होती. खाली आलो. बाईंचं नाक तोवर पडलंच होतं. रेडिएटरची चकती बंद करायला हात पुढे केला, मग आठवलं, कुठल्याही चकतीला हात लावायचा नाही असं कबूल केलंय. बटणाला नाही, खटक्याला नाही." अप्पा थांबले. "खिडकीला बटण नसतं. म्हणून खिडकी उघडली. मग वर्तमानपत्र घेतलं आणि बाईंना वारा घालत बसलो. डाव्या कानाला हात लावून बघायचो, घट्ट आहे ना. हात भरून आले तेव्हा वर गेलो."

"मला उठवायचं नाही का हो?"

"दार वाजवणार होतो. पण तू म्हणाली असतीस, अप्पांनीच काहीतरी केलं."

ते खरं होतं, हे वहिनींना माहीत होतं. त्या उठल्या आणि डाव्या बाजूला जाऊन तो कान पाहिला. पाळी, मोती, कानामागची अंबाड्याची बट. अर्ध्या बाई शाबूत होत्या. त्या अर्ध्यावरून उरलेला अर्धा वेळेत घडवता येणार होता. कान पडला असता तर नमुना कशाचा घेतला असता?

"वन्सं," त्या म्हणाल्या, "तुमचा निकाल राहिला."

"भिंतीवरचा घ्या. चकतीचा."

"पण त्यात काहीच नाही!" दादांना राहवलं नाही. "तो नुसता भिंतीवर बसतो!"

"या घरात वस्तूकडून माझी तेवढीच अपेक्षा आहे," आत्या म्हणाली. "तू बोलू नकोस. तुझा दावा फेटाळलाय."

रविवारी जिन्याखालची खोली भरली, पण दादांच्या यंत्रांच्या खोक्यांनी. बिनतारी थर्मोस्टॅट परत गेला. बसवणाऱ्यानं तो हातात घेतला, हुंगला आणि काही विचारलं नाही.

पण ते रविवारचं झालं. त्या संध्याकाळी वहिनींनी बाईंना नवं नाक लावलं, भुवई वर चढवली, ओठांवरचं हसू पुसलं आणि घाम पुसत मागे सरकल्या. आता प्रश्न होता, रात्रीसाठी बाईंना ठेवायचं कुठं. कोठीत अंबाडा जात नव्हता. दिवाणखान्यावर वहिनींचा विश्वास उरला नव्हता. भिंतीवरचा थर्मोस्टॅट अजून बसायचा होता.

वहिनींनी पदर खोचला. "अहो, तिकडून धरा. ठमे, दार उघड. अप्पा, तुम्ही पुढे व्हा, बाई आज तुमच्याकडे राहतील. या घरात भरवशाची थंड जागा तेवढीच आहे."

अप्पा जिन्याच्या पहिल्या पायरीवर थबकले. "खिडकी उघडीच असते माझी."

"म्हणूनच तर." वहिनींनी बाईंना छातीशी कवटाळून उचललं. "आणि ते पदकांचं खोकं वाटेत ठेवलंय ना तुम्ही? ती पदकं आधी भिंतीवर लावा बघू. माझ्या पायात आलं आणि नाक पुन्हा पडलं, तर आता मात्र खरंच तुमचं नाव येईल."

अप्पा भराभर वर गेले. थोड्याच वेळात वरून खिळ्यावर काहीतरी टांगल्याचा आवाज आला, मग आणखी एक, आणि मग एक शिट्टी. छोटी, पण पोहण्याच्या तलावाच्या दुसऱ्या टोकापर्यंत जाईल अशी.